गुणाजी, आत विचारून ये

निजसुरे बंधूंच्या ऑफिसात मी अकाउंट्सला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला बजावण्यात आलं की नानासाहेबांच्या केबिनमध्ये थेट जायचं नाही. नानासाहेब खाष्ट होते म्हणून नव्हे. मी भाऊसाहेबांच्या बाजूची, आणि त्या बाजूचं माणूस नानासाहेबांशी बोलत नाही, एवढंच. काही सांगायचं असेल तर गुणाजीला सांगायचं. "आणि गुणाजी रजेवर असला तर?" मी विचारलं. सेल्समधला पुष्कर माझ्याकडे बघतच राहिला. "तो रजा घेत नाही," म्हणाला.

मला वाटलं, नव्या बाईची थट्टा चाललीय. थट्टा नव्हती.

आमची कंपनी शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना सामान पुरवते. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, लोलक, तराजू. ऑफिस गिरगावात, एका जुन्या इमारतीचा अख्खा मजला. पुढच्या अर्ध्या भागात धाकटे हेरंब निजसुरे, म्हणजे भाऊसाहेब. त्यांच्याकडे विक्री आणि हिशेब. मागच्या अर्ध्या भागात थोरले नानासाहेब; त्यांच्याकडे खरेदी आणि शिवडीचं गोदाम. मधोमध दुधी काचेची भिंत आणि तिच्यात दोन्हीकडे उघडणारं अर्धं दार. ह्या दारातून दिवसभर ये-जा करणारा माणूस एकच, शिपाई गुणाजी.

दोघा भावांचा अबोला होता. मुंबईत मराठी घरांमध्ये अबोले काही कमी नसतात, पण ते घरात असतात. आमच्याकडे तो कंपनीच्या कामकाजाची पद्धत होऊन बसला होता. त्याचं कारण गुणाजीनेच मला एकदा चहाच्या वेळी सांगितलं. दोघांची आई अचानक आजारी पडली तेव्हा नानासाहेब नागपूरला कामाला गेले होते. भाऊसाहेबांनी स्वतः फोन केला नाही. धीर झाला नाही म्हणा, नाहीतर सवय म्हणा. एका कारकुनाला म्हणाले, नानाला कळव. कारकुनाने कळवलं, पण कसं? "आईंना जरा बरं नाही, काम उरकून या." नानासाहेब काम उरकून आले, तोवर आईचे अंत्यविधी होऊन गेले होते. ते भावाला एवढंच म्हणाले, "तुला निरोपच पाठवायचे असतात ना? मग इथून पुढे निरोपानेच बोल."

आणि दोघेही खरोखर तसेच वागले. मला विचाराल तर दोघांनाही समोरासमोर उभं करून कुणीतरी कान धरायला हवे होते. पण मालकांचे कान कोण धरणार? त्याऐवजी आम्ही सगळ्यांनी ती पद्धत पाळली, नव्या माणसांना शिकवली. व्हॉट्सॲप आलं तेव्हा ऑफिसचे दोन ग्रुप झाले, 'पुढची बाजू' आणि 'मागची बाजू'. दोन्हींत असलेला माणूस पुन्हा एकच.

गुणाजी घोडपदेवच्या चाळीत राहायचा. मूळचा कुडाळकडचा. वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि हा मॅट्रिकच्या आधीच नोकरीला लागला. बोलका, मोठ्या आवाजाचा, मासळीवर जीव टाकणारा. गावच्या जत्रेत दशावतारात काम करायचा. दशावतारात लिहिलेली संवादाची वही नसते. तोंडाला रंग लावायचा, आपण कोणता राजा आहोत ते ठरवायचं आणि उभं राहून बोलायचं. शब्द आपसूक येतात, असं तो सांगायचा.

निरोपही तो तसाच द्यायचा. "भाऊसाहेबांनी असं सांगितलंय" अशी भाषा त्याच्याकडे नव्हतीच. भाऊसाहेब चिडून म्हणायचे, "त्या म्हाताऱ्याला सांग, शिवडीचं गोदाम म्हणजे काय भंगारवाल्याचं दुकान आहे?" गुणाजी दार ढकलून आत जायचा. काचेपलीकडे त्याची सावली जरा पाठीत वाकायची, एक हात कमरेवर जायचा, आणि आम्हाला भाऊसाहेबांचा आवाज ऐकू यायचा, "नाना, शिवडीचा जुना माल जरा हलवू या का?" आवाज हुबेहूब, शब्द मात्र धुऊन आणलेले. मग तो परत यायचा, दारातच दोनदा घसा खाकरायचा, तो नानासाहेबांचा घसा, आणि म्हणायचा, "हलवू. पण घाई नको." मालवणी कुठच्या कुठे पळालेली असायची. निरोप संपला की मान झटकायचा, आणि पुन्हा आपला गुणाजी, "म्यॅडम, चाय येतासा!"

त्याच्या ह्या धुण्यावर कंपनी चालली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवी माणसं आधी हसायची, मग त्यांना सवय व्हायची. त्याला टाइप करता येत नसे, म्हणून तो ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायचा, तीही मालकाच्या आवाजात. पहिल्यांदा ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. नंतर तो आवाज कुणाचा, हा प्रश्नच पडेनासा झाला.

नानासाहेब गेल्या वर्षी गेले. दादरच्या घरी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मुलीने फोन केला तोही गुणाजीलाच. तो पुढच्या बाजूला आला, भाऊसाहेबांसमोर उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हा निरोप कोणाच्या आवाजात द्यायचा, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी आपल्याच आवाजात, खाली बघत, त्याने सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, "त्याला सांग—" आणि थांबले.

दिवसकार्य झालं. भाऊसाहेब शिवाजी पार्कच्या घरून पुन्हा ऑफिसला यायला लागले. पहिलीच सकाळ. सगळे आपापल्या जागी. भाऊसाहेबांनी घंटी वाजवली आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "गुणाजी, शिवडीचं गोदाम सोडायचं का, नानाला विचार जरा. आत विचारून ये."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. पुष्कर फोनवर होता, त्याने चालू फोन खाली ठेवला. गुणाजी भाऊसाहेबांकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, आता हा सांगेल, साहेब, आत कोणी नाही. पण मालकाला असं तोंडावर सांगायचं कसं? ह्या ऑफिसात कुणी कुणाला तोंडावर कधी काही सांगितलंच नव्हतं. तो वळला आणि दार ढकलून आत गेला.

मागच्या केबिनमधला दिवा बंद होता. काचेवर त्याची सावलीही दिसत नव्हती. भाऊसाहेबांच्या आवाजातला प्रश्न मात्र आम्ही ऐकला. मग शांतता. नानासाहेबांना उत्तर द्यायला जितका वेळ लागायचा, तितकीच. तो परत आला, दोनदा खाकरला आणि म्हणाला, "ठेवू या इतक्यात. परीक्षांचा हंगाम जाऊ दे." भाऊसाहेबांचा चेहरा सैल झाला. "बरं," म्हणाले आणि कामाला लागले.

चहाच्या वेळी मी गुणाजीला बाजूला घेतलं. "हे काय चालवलंयस?"

"म्यॅडम, म्हातारो माणूस तो," तो म्हणाला. "भाव गेलो त्येंचो. चार दिस विचारतले, मगे आपसूक थांबतले."

त्याच्या जागी कुणालाही दयाच आली असती. पण भाऊसाहेब थांबले नाहीत. दिवसातून एकदा विचारणारे चार-चारदा विचारू लागले. आणि भाऊसाहेब विचारतायत म्हटल्यावर बाकीच्यांना जोर आला. उत्तरं शहाणपणाची असायची, निर्णयाची जबाबदारी कुणावर येत नसे. मग काय, मोकळं रान. पुष्करने तर ताळच सोडला. "गुणाजी, जरा आत विचार ना, ह्या शाळेला सवलत द्यायची का?" मागच्या केबिनमधला दिवा कुणीतरी लावायला लागलं. चहा आत जाऊ लागला, नानासाहेबांना लागायचा तसा बिनसाखरेचा, आणि कप रिकामा होऊन परत येऊ लागला. एकदा पुष्कर हसत हसत माझ्याकडे आला, मोबाइल पुढे धरून. 'मागची बाजू' ग्रुपवर व्हॉइस नोट होती. नानासाहेब शांतपणे सांगत होते की सांगलीचा माल भुश्यात नीट बांधा, मागच्या वेळी फुटला होता.

"हसतोस काय?" मी म्हटलं. "मेलेल्या माणसाचा आवाज आहे तो."

"गुणाजीचा आहे हो," पुष्कर म्हणाला. पण त्याने मोबाइल खिशात टाकला आणि हसणं थांबलं.

माझं लक्ष गुणाजीवर होतं. आधी तो आत जाऊन लगेच यायचा, आता अर्धा अर्धा तास येईना. बाहेर आल्यावर मान झटकायचा, पण आवाज लगेच परतायचा नाही. "वैदेहीबाई, ते बिल झालं का?" असं शुद्ध विचारायचा आणि मग दचकायचा. नानासाहेब कुठलंही काचपात्र हातात आलं की नखाने टिचकी मारून, कानाशी धरून तडा तपासायचे. एक दिवस चहाचा ग्लास हातात घेऊन गुणाजी तसंच करताना दिसला. भर दुपार, सगळं ऑफिस समोर. मी उठून ग्लास त्याच्या हातातून काढून घेतला.

त्याच आठवड्यात त्याची बायको मला भेटायला आली. सुभद्रा. ऑफिसात पहिल्यांदाच आली होती. ती खाली इमारतीच्या दाराशी उभी राहिली, वर यायला तयार होईना. मी खाली गेले.

"म्यॅडम, काल बांगड्याचा तिखला केललंय," ती म्हणाली. "ताट बाजूक सारल्यानी. म्हणतत कसे, 'आमच्यात हे चालत नाही.' माका म्हणतत! 'अहो' म्हणान हाक मारतत. घरात पाव्हण्यासारखे बसान रवतत." ती रडत नव्हती, तिला संताप आला होता. "दशावतारात राजा होवन रातभर नाचत, पण सकाळी रंग पुसून चायेक घराक येयत. ह्यो रंग खंय पुसूचो? तुमी सायबाक सांगा. माका माजो माणूस परत व्हयो, बाकी कायेक नको."

तिला दुसरं काही नको होतं आणि मलाही त्याहून महत्त्वाचं काही दिसत नव्हतं. मी तशीच वर आले आणि भाऊसाहेबांच्या समोर जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत बिनबोलावता त्यांच्यापुढे उभं राहायची ही पहिलीच वेळ. सगळं सांगितलं, मासळीचंसुद्धा. "तुम्ही हे थांबवा," म्हटलं. "नानासाहेब गेले. आत गुणाजी एकटा असतो."

भाऊसाहेब रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"मला कळत नाही असं वाटतं का तुला?" ते म्हणाले. "पण नाना होता तेव्हा तरी मला काय ऐकू येत होतं? गुणाजीच. इतकी वर्षं माझा भाऊ म्हणजे गुणाजीच्या तोंडून येणारा आवाज. तो आवाज अजून येतोय. मग माझं नक्की कोण गेलंय, ते सांग."

मी म्हटलं, "गुणाजीची बायको खाली उभी आहे."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "एकच सांगायचं राहिलंय नानाला. आईचं. ते एकदा जाऊ दे, मग ने त्याला. गावाला पाठव, हवी तेवढी रजा दे. पुन्हा त्याला आत धाडणार नाही. शब्द देतो."

"ते तरी तुम्ही स्वतः आत जाऊन बोला ना."

"ते जमलं असतं तर वैदेही, ही काच मध्ये राहिली असती का?"

खरं सांगते, मला त्या म्हाताऱ्याची कीवही आली आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. पण शब्द दिला होता. शुक्रवार ठरला. मी कुडाळच्या बसची दोन तिकिटं काढून सुभद्राला दिली. शुक्रवारी दुपारी ती बॅग घेऊन आली, ह्या वेळी वर, आणि बाहेरच्या बाकावर पदर घट्ट धरून बसली. गुणाजीने तिला पाहिलं, ओळखीचं हसला. मला हायसं वाटलं.

भाऊसाहेबांनी घंटी वाजवली. गुणाजी गेला. केबिनचं दार उघडंच होतं, आणि भाऊसाहेब हळू बोलायचा प्रयत्न करत होते तरी आम्हाला सगळं ऐकू आलं. "नानाला सांग, आईच्या वेळी मी स्वतः कळवायला हवं होतं. दुसऱ्याच्या तोंडी निरोप धाडला. चुकलं माझं. आणि विचार त्याला, आता तरी माझ्याशी बोलशील का."

गुणाजी हलला नाही. मग तो बोलला ते आपल्या भाषेत. "भाऊसाहेब, ह्या तुमी स्वता सांगा. ह्या माज्या तोंडात घालू नका. मी आत गेलंय तर परत येयन असा माका वाटणा नाय."

मी जागेवरून उठले. "भाऊसाहेब, राहू द्या. नको."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "शेवटचं आहे रे," ते म्हणाले. "गुणाजी, आत विचारून ये."

गुणाजीने पँटला हात पुसले. बाकाकडे एकदा नजर टाकली. आणि तो आत गेला.

काचेपलीकडून भाऊसाहेबांचा आवाज आला. आईचं नाव घेत, अडखळत, माफी मागत. ह्या वेळी गुणाजीने शब्द धुतले नव्हते. जसेच्या तसे नेले होते. इकडे खुर्चीत खरे भाऊसाहेब तोंडावर हात दाबून स्वतःचंच रडणं ऐकत होते. मग आत शांतता झाली. ऑफिसात एकही माणूस काम करत नव्हता. आता दार हलेल, खाकरणं ऐकू येईल, निरोप येईल, म्हणून सगळे त्या अर्ध्या दाराकडे बघत होते.

दार हललं नाही. आतूनच, स्पष्ट, भावाने भावाला मारावी तशी हाक आली. "हेरंब. आत ये."

भाऊसाहेब उठले. टेबलाचा आधार घेत चालत गेले आणि त्यांनी ते दार ढकललं. आम्ही कुणीच त्यांना ते दार ओलांडताना कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने आतून दोघांचं बोलणं ऐकू यायला लागलं. कधी एकाचं, कधी दुसऱ्याचं, मध्येच हुंदका, मध्येच हसणं. आईच्या हातच्या कसल्याशा खिरीची आठवण निघाली होती. पुष्करचे डोळे भरून आले. "बोलले शेवटी," तो म्हणाला. कुणीतरी नाक पुसलं. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. कोण बोललं शेवटी? कुणाशी?

सुभद्रा उठून माझ्यापाशी आली होती. मी तिचा हात धरला आणि दोघी मिळून आत गेलो.

गुणाजी नानासाहेबांच्या खुर्चीत बसला होता, पाठीने ताठ. भाऊसाहेब समोर, त्याचा हात दोन्ही हातांत धरून. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा मोकळा झाला होता.

"अहो, चला," सुभद्रा म्हणाली. "बस चुकतली."

गुणाजीने वर पाहिलं. दोनदा खाकरला आणि बाईमाणूस आलंय म्हणून खुर्चीतून अर्धवट उठला. "या ना, बसा," तो अदबीने म्हणाला. "गुणाजीकडे आलात का? तो बाहेर असेल, दाराशी." मग माझ्याकडे वळला. "बाई, त्याला जरा कळवता का? म्हणावं, घरून आल्यात. लवकर सोडलंय मी आज."

मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला असता तरी पुरला असता. 'गुणाजी' एवढी हाक मारली असती तरी. त्यांना ते कळत होतं. त्यांनी मान खाली घातली आणि धरलेला हात आणखी घट्ट धरला.

सुभद्रा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढे गेली नाही, ओरडली नाही. तिने मला हळूच ओढत त्या अर्ध्या दारापर्यंत आणलं. बाहेर सगळं ऑफिस आमच्याकडे बघत होतं, काय झालं ते कुणीतरी येऊन सांगेल म्हणून.

"म्यॅडम," ती म्हणाली, "आता ह्येंका निरोप कोणाच्या हातीं धाडू?"